वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया : आधीची तयारी आणि नंतरची काळजी

बॅरिॲट्रिक सर्जरीची चौकशी करायला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, “डॉक्टर, किती किलो कमी होतील?” सोबतचे नातेवाईक विचारतात, “धोका किती आहे?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. पण शस्त्रक्रियेच्या टेबलावर तुम्ही जेमतेम दीड-दोन तास असता. तिच्या आधीचा महिना-दीड महिना आणि नंतरचे पहिले तीन महिने तुम्ही घरी असता, आणि काही बिघडले तर बहुधा याच काळात बिघडते. त्यामुळे हा लेख रुग्णाइतकाच घरच्यांनीही वाचावा.

शस्त्रक्रियेत नेमके काय करतात?

आपल्याकडे प्रामुख्याने दोन प्रकार होतात. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा डावीकडचा फुगीर भाग, म्हणजे साधारण ७५ ते ८० टक्के जठर, कापून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होत असल्यामुळे सुरुवातीचे काही महिने भूकच कमी लागते. काढलेले जठर परत बसवता येत नाही, हे आधीच लक्षात घ्या. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलीलिटरची छोटी पिशवी वेगळी करून तिला लहान आतडे थेट जोडतात. उरलेले जठर पोटातच राहते, पण अन्न त्यातून जात नाही. एकच जोड असलेला ‘मिनी बायपास’ही आपल्याकडे बराच केला जातो. त्यात पिशवी थोडी लांबट असते.

कोणता प्रकार निवडायचा हे शेजारच्या काकूंनी काय केले त्यावरून ठरवू नका. छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणे असा जुना त्रास असेल तर स्लीव्हनंतर तो वाढू शकतो, अशा रुग्णाला बायपास बरा पडतो. अनेक वर्षांचा, आटोक्यात न येणारा मधुमेह असेल तरी आमचा कल बायपासकडे असतो. मात्र बायपासनंतर जीवनसत्त्वांची कमतरता जास्त होते. गोळ्या नियमित घेणे ज्यांना कधीच जमलेले नाही, त्यांनी हे डॉक्टरांना खरे सांगावे.

कोणाला करता येते, याचा आधार बीएमआय असतो. उंची १६३ सेंटीमीटर आणि वजन ९३ किलो असेल तर बीएमआय ३५ येतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ च्या पुढे इतर आजार नसला तरी शस्त्रक्रियेचा सल्ला देता येतो. आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह आणि पोटावरची चरबी गाठते, म्हणून आपल्यासाठी ही मर्यादा २७.५ पर्यंत खाली आणली आहे. विम्याचे निकष मात्र वेगळे आहेत. आयआरडीएआयच्या नियमांत बीएमआय ४०, किंवा ३५ सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया अथवा आटोक्यात नसलेला मधुमेह यांसारखा गंभीर आजार, अशी अट आहे. म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या तुम्ही पात्र असाल आणि तरी विमा कंपनी दावा नाकारेल, असे होऊ शकते. पॉलिसीतला प्रतीक्षा काळ तपासा आणि तारीख ठरवण्याआधी मंजुरी लेखी घ्या.

आता ते दोन प्रश्न. पहिल्या वर्ष-दीड वर्षात एकूण वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के वजन उतरते. ११० किलोच्या व्यक्तीचे २७ ते ३३ किलो धरा. पुढे त्यातले थोडे परत येते, ते अपेक्षितच असते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात मृत्यूचा धोका अनुभवी केंद्रांत हजारात एकाच्या आसपास असतो, म्हणजे पित्ताशयाच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेइतकाच. वय जास्त, हृदयविकार, १५०-१६० किलोच्या पुढचे वजन असेल तर तो वाढतो. दुसऱ्या बाजूला, स्वीडनमध्ये १९८७ पासून वर्षानुवर्षे चाललेल्या पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्या लोकांमध्ये मृत्यूचे प्रमाण न केलेल्यांपेक्षा कमी आढळले.

आधीची तयारी

रक्ततपासणीत साखरेची तीन महिन्यांची सरासरी, थायरॉईड, यकृत, मूत्रपिंड यांच्यासोबत हिमोग्लोबिन, लोह, बी १२ आणि डी जीवनसत्त्वही पाहतात. शाकाहारी घरांत बी १२ आधीच तळाला असते, ते शस्त्रक्रियेपूर्वी भरून काढायला हवे. पोटाची सोनोग्राफी, जठराची दुर्बीण तपासणी, ईसीजी, इको हे सर्व त्यात येते. घोरणे म्हणजे गाढ झोप असा आपल्याकडे समज आहे. घोरताना श्वास मध्येच थांबतो, दिवसा बसल्या जागी डुलकी लागते, अशी लक्षणे असतील तर झोपेची तपासणी करून घ्या. सीपॅप मशीन लागणार असेल तर त्याची सवय शस्त्रक्रियेआधी करा आणि ते रुग्णालयात सोबत न्या.

तंबाखूबद्दल थोडे सविस्तर सांगतो. “तंबाखू खाता का?” या प्रश्नाला अनेक बायका “नाही” म्हणतात. “मिश्री लावता का?” असे विचारले की उत्तर येते, “ती फक्त सकाळी, दात घासायला.” मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. विडी, सिगारेट, गुटखा, मिश्री यांतल्या निकोटिनामुळे टाक्यांचा रक्तपुरवठा घटतो, जोड भरून यायला वेळ लागतो आणि बायपासच्या जोडावर अल्सर होतो. किमान सहा आठवडे आधी हे सारे बंद हवे आणि नंतर पुन्हा सुरू करायचे नाही. लपवू नका, सोडण्यासाठी औषधे मिळतात.

शेवटचे दोन आठवडे बहुतेक ठिकाणी ८०० ते १००० कॅलरींचा, कमी पिठूळ आणि जास्त प्रथिनांचा आहार देतात. तो वजनासाठी कमी आणि यकृतासाठी जास्त असतो. लठ्ठपणात यकृतात चरबी साठते आणि त्याचा डावा भाग नेमका जठरावर पसरलेला असतो. या आहाराने यकृत आक्रसते, मऊ होते आणि सर्जनला जागा मिळते. “आता पुढे खायला मिळणार नाही, तर एकदा खाऊन घेऊ” म्हणून याच काळात मिसळ, बिर्याणी, आमरसाच्या पंगती झडतात. यकृत फुगलेले असेल तर सर्जनला शस्त्रक्रिया अर्ध्यावर थांबवावी लागू शकते.

आहार एवढा कमी केल्यावर मधुमेहाची औषधे तशीच चालू ठेवली तर साखर एकदम उतरेल. इन्सुलिन आणि गोळ्यांचे नवे प्रमाण लिहून घ्या. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येणाऱ्या गोळ्या (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) शस्त्रक्रियेच्या तीन-चार दिवस आधी, आणि द्रव आहार असेल तर कधी त्याहूनही आधी, थांबवतात. नाहीतर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, वजनासाठी घेतलेली आठवड्याची इंजेक्शने, गावच्या वैद्यांचे काढे, सगळे भूलतज्ज्ञांना सांगा. यातले काहीही स्वतःच्या मनाने बंद करू नका.

घरी एक सराव आतापासून सुरू करा. पाणी घटाघटा न पिता घोट घोट प्या, जेवताना पाणी पिऊ नका, प्रत्येक घास पातळ होईपर्यंत चावा. शस्त्रक्रियेनंतर हे शिकणे जड जाते.

रुग्णालयातले दिवस

पोटावर चार-पाच छोटी छिद्रे असतात. पोटात भरलेल्या वायूमुळे दोन दिवस खांदा दुखतो, ते चालल्याने कमी होते. त्याच दिवशी संध्याकाळी तुम्हाला उठवून चालवतील. तेव्हा “आजच्या दिवस राहू द्या हो” म्हणून नातेवाइकांनी मध्ये पडू नये. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून चालणे आणि पोटात टोचायची इंजेक्शने, दोन्ही लागतात. साधारण दोन-तीन दिवसांत घरी सोडतात.

पहिले सहा आठवडे

पहिले दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ : गाळलेले वरणाचे पाणी, ताक, साय काढलेले दूध, भाज्यांचे गाळलेले सूप, प्रथिनांची पावडर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेले, म्हणजे घोटलेले वरण, मऊ पनीर कुस्करून, दही, अंड्याचे पातळ भुर्जीसारखे मऊ मिश्रण. पाचव्या-सहाव्यात मऊ खिचडी, शिजवलेली भाजी, मासे. भाकरी, पोळी, मऊ भाताचा गोळा आणि मटण यांची घाई करू नका, ते अडकतात. प्रत्येक केंद्राचे वेळापत्रक थोडे निराळे असते, तुम्हाला दिलेला तक्ता पाळा.

पाणी दिवसाला दीड ते दोन लिटर लागते आणि पहिल्या महिन्यात हेच सर्वांत अवघड जाते. साधा उपाय म्हणजे औषधाबरोबर मिळणारे ३० मिलीलिटरचे छोटे माप घ्या आणि जागे असेपर्यंत दर दहा-पंधरा मिनिटांनी ते संपवा. लघवी गडद पिवळी होत असेल किंवा उठल्यावर चक्कर येत असेल तर पाणी कमी पडते आहे. जेवण आणि पाणी यांच्यात अर्ध्या तासाचे अंतर ठेवा.

“एवढं मोठं ऑपरेशन झालंय, अंगात ताकद यायला हवी” म्हणून डिंकाचे लाडू, तुपातला शिरा, साखर घातलेले दूध घेऊन नातेवाईक येतात. माया खरी असते, पण ताकदीसाठी या वेळी प्रथिने हवीत, रोज ६० ते ८० ग्रॅम. शाकाहारी रुग्णासाठी हिशेब करून पाहा. दोन पेले दूध १३ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीर ९, अर्धी वाटी घट्ट वरण ३, अर्धी वाटी दही ४. एकूण २९. याहून जास्त पोटात मावत नाही. म्हणूनच प्रथिनांची पावडर पहिले काही महिने औषध समजून घ्यायची असते. अंडी खात असाल तर प्रत्येकी ६ ग्रॅम वाढतात. प्रथिने कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

उलट्या थांबत नसतील तर

हा भाग घरच्यांनी दोनदा वाचावा. घाईने किंवा जास्त खाल्ल्याने एखादी उलटी होणे वेगळे. पण दोन-तीन दिवस उलट्या चालू राहिल्या, पाणीही टिकत नसेल, तर त्याला पित्त समजून घरी थांबू नका. जोड किंवा नळी अरुंद झाली असू शकते. दुसरा धोका सहज दिसत नाही, तो बी १ म्हणजे थायमिन या जीवनसत्त्वाचा. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. आहार आधीच कमी, त्यात उलट्या, की तो संपतो. मग एकाचे दोन दिसणे, डोळ्यांची बुबुळे थरथरणे, चालताना तोल जाणे, पायांत मुंग्या, विसरभोळेपणा किंवा असंबद्ध बोलणे सुरू होते. वेळेवर इंजेक्शन मिळाले तर हे भरून येते. उशीर झाला तर स्मरणशक्ती आणि चाल यांचे कायमचे नुकसान होते.

शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईत आणि घर लातूर, जळगाव किंवा रत्नागिरीकडे, अशी परिस्थिती अनेकांची असते. उलट्या झाल्या की जवळच्या दवाखान्यात सलाईन लावले जाते. त्यात ग्लुकोज असेल आणि बी १ दिलेले नसेल, तर उरलासुरला बी १ही ते ग्लुकोज जाळण्यात खर्च होतो आणि मेंदूवरचा परिणाम वाढू शकतो. म्हणून तिथल्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा : “वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे, उलट्या आहेत, ग्लुकोज लावण्याआधी थायमिनचे इंजेक्शन द्याल का?” आणि त्यांच्यासमोरच तुमच्या सर्जनला फोन लावा. यात कोणी रागावण्यासारखे काही नाही.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

टाक्यांतून गळती झाली तर पोट फार दुखेलच असे नाही. अनेकदा पहिले लक्षण नाडीचे असते. शांत पडून असतानाही ती मिनिटाला १०० च्या वर राहत असेल तर सर्जनला कळवा. १२० च्या पुढे असेल, किंवा सोबत ताप, डावा खांदा दुखणे, धाप, विलक्षण अस्वस्थता असेल तर रात्र असली तरी निघा. स्लीव्हनंतरची गळती घरी आल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही होऊ शकते. एका पोटरीला सूज व दुखणे, एकाएकी दम लागणे, काळी डांबरासारखी शौचास होणे किंवा रक्ताची उलटी, यांनाही थांबायचे नाही.

गोळ्या, ज्या बंद करायच्या नसतात

मल्टिव्हिटॅमिन, बी १२, डी ३, कॅल्शियम आणि गरजेप्रमाणे लोह या गोळ्या आयुष्यभराच्या आहेत. कॅल्शियम शक्यतो सायट्रेट स्वरूपातले, दिवसाला १२०० ते १५०० मिलीग्रॅम, दोन-तीन वेळा विभागून घ्यावे. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तास ठेवा, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. पाळी चालू असलेल्या स्त्रियांना लोह जास्त लागते. रक्ततपासणी तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी. वजन उतरले, सगळे छान चालले आहे म्हणून दुसऱ्या वर्षी रुग्ण यायचे बंद होतात. बी १२ चा साठा मात्र हळूहळू संपतो आणि तक्रार दोन-तीन वर्षांनी हातापायांच्या बधिरपणातून समोर येते.

साखरेची आणि रक्तदाबाची औषधे पहिल्या काही दिवसांतच कमी करावी लागतात. जुनी चिठ्ठी पाहून औषधे आणू नका. अंगदुखी, गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेणे बंद करा, बायपास झालेल्यांनी तर कायमचे. त्यांनी जोडावर अल्सर होतो. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल चालते.

पुढचे वर्ष

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, बऱ्यापैकी गळतात. झपाट्याने उतरलेल्या वजनाला शरीराची ती प्रतिक्रिया असते. प्रथिने आणि लोह ठीक असतील तर बहुतेकांचे केस परत येतात, महागड्या तेलांची गरज नाही. वजन वेगाने उतरताना पित्ताचे खडे होतात, म्हणून अनेकांना सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड देतात. उजव्या बरगडीखाली जेवणानंतर कळ आली तर सोनोग्राफी करून घ्या.

बायपासनंतर बासुंदी, उसाचा रस, गुलाबजाम असे गोड अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात मुरडा आणि जुलाब घडवते. कधी एक ते तीन तासांनी साखर घसरून हातपाय कापतात. दारू पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते, आणि व्यसन लागण्याचा धोकाही वाढतो. पहिले वर्ष तरी निर्जळी उपवास करू नका. एकादशी-संकष्टीला साबुदाणा चालतो, पण त्यात जवळजवळ नुसता स्टार्च असतो आणि प्रथिने नाहीत. उपवास धरायचाच असेल तर दूध, दही, पनीर यांवर धरा आणि गोळ्या चुकवू नका. लग्नकार्यातल्या आग्रहाला घरातल्या एखाद्याने उत्तर द्यायचे, असे आधीच ठरवून ठेवा. “एक घास माझ्या हातचा” नाकारणे रुग्णाला एकट्याने जड जाते.

शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. पीसीओएसमुळे वर्षानुवर्षे पाळी अनियमित असलेल्या मुलींची पाळी वजन उतरताच सुरळीत होते आणि अनपेक्षित दिवस राहतात. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या भरवशाच्या नसतात, कॉपर-टीसारखे साधन निवडा. इथे एक नाजूक गोष्ट सांगणे भाग आहे. लग्न जमवताना मुलीची ही शस्त्रक्रिया अनेक घरांत लपवली जाते. मग गोळ्याही लपून घ्याव्या लागतात, पुढे त्या सुटतात आणि पहिल्या बाळंतपणात हिमोग्लोबिन, बी १२, फॉलिक ॲसिड तिन्ही कमी निघतात. निदान नवऱ्याला आणि प्रसूतितज्ज्ञांना तरी हे माहीत असायलाच हवे. गर्भावस्थेतल्या मधुमेहासाठी गोड ग्लुकोजचे पाणी पाजून करायची चाचणी बायपास झालेल्या स्त्रीला त्रासदायक ठरू शकते, तिथे वेगळी पद्धत वापरतात.

बायपासला पाच वर्षे झाली असली तरी मध्येच पोटात जोरात मुरडा येऊन थांबत नसेल तर ते ॲसिडिटी म्हणून सोडू नका. वजन उतरल्यावर आतड्यांच्या आवरणात फटी उरतात आणि त्यांत आतडे अडकू शकते. साध्या एक्स-रेमध्ये हे दिसतेच असे नाही, सीटी स्कॅन लागतो. तेव्हा तुमच्या पाकिटात कायम एक कार्ड ठेवा : शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख, सर्जनचा फोन नंबर, चालू औषधे, “वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅक नको” आणि “उलट्या असल्यास ग्लुकोजआधी थायमिन”. एक प्रत घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.